पडणारी वस्तू जमिनीवर किती बलाने आदळते: अंदाज कसा बांधावा

प्रश्न असा आहे की २ किलो वस्तुमानाचा धातूचा ठोकळा १.५ मीटर उंचीवरून काँक्रीटच्या कोब्यावर पडला, तर तो किती बलाने आदळतो. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करून आपण २९.४ हा आकडा काढला आहे आणि हे न्यूटन धरावेत का, असे विचारले आहे. ते न्यूटन नव्हेत, ज्यूल आहेत. ठोकळा जमिनीला टेकतो त्या क्षणी त्याच्याजवळ असलेली ती ऊर्जा आहे. बलाचे उत्तर वस्तुमान आणि उंची एवढ्यावरून निघतच नाही, मग सूत्र कोणतेही वापरा. तोच ठोकळा त्याच उंचीवरून जाड फोमवर पडला तर काही शे न्यूटन आणि जाड पोलादी पाटावर सपाट पडला तर काही लाख न्यूटनांपर्यंत, अशी दोन टोकांची उत्तरे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. हा सगळा फरक ज्या तिसऱ्या आकड्यामुळे पडतो तो म्हणजे थांबण्याचे अंतर, म्हणजेच पहिला स्पर्श झाल्यापासून वेग शून्य होईपर्यंत वस्तू आणखी किती खाली सरकते ते. आघाताच्या बलाचा अंदाज बांधणे म्हणजे प्रत्यक्षात हे अंतर शोधणे. बाकीचे गणित शाळेतलेच आहे.

आधी जे निश्चित आहे ते मांडून घेऊ. आदळतानाचा वेग म्हणजे २ × ९.८१ × उंची याचे वर्गमूळ, १.५ मीटरसाठी तो ५.४२ मीटर प्रतिसेकंद येतो आणि त्यात वस्तुमानाचा काही संबंध नसतो. काही मीटर उंचीपर्यंत आणि धातू, दगड, लाकूड अशा भरीव वस्तूंसाठी हवेचा विरोध सोडून दिला तरी चालतो. रिकाम्या खोक्यासाठी किंवा थर्माकोलसाठी चालत नाही. वेगाला वस्तुमानाने गुणले की संवेग मिळतो, तो येथे १०.८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद आहे. वेग, ऊर्जा आणि संवेग हे तीनही आकडे खाली काँक्रीट आहे की गादी, याची पर्वा करत नाहीत. जमिनीचा प्रश्न येतो तो यानंतर.

ठोकळा थांबतो तेव्हा जमिनीने त्याच्यावर केलेले कार्य हे त्याच्या पूर्ण ऊर्जेइतके असले पाहिजे. थांबता थांबता तो आणखी थोडा खाली जातो, म्हणून तेवढ्या अंतरातले गुरुत्वाचे कार्यही त्यात मिळवावे लागते. त्यावरून सरासरी बलाचे सूत्र असे येते:

सरासरी बल = वजन × (१ + पडण्याची उंची ÷ थांबण्याचे अंतर)

येथे वजन म्हणजे १९.६ न्यूटन. थांबण्याचे अंतर १ मिलिमीटर धरले तर सरासरी बल सुमारे २९,४०० न्यूटन होते, ५ मिलिमीटर धरले तर सुमारे ५,९०० न्यूटन, २० मिलिमीटर धरले तर सुमारे १,५०० आणि १०० मिलिमीटर धरले तर फक्त ३१४ न्यूटन. कंसातला १ हा ठोकळ्याच्या स्वतःच्या वजनासाठी आहे. कठीण जमिनीवर तो नगण्य ठरतो, पण जाळी, दोर किंवा जाड फोम यांच्या बाबतीत तो विसरला तर उत्तर चांगलेच कमी येते.

हेच गणित संवेगाला थांबण्याच्या वेळेने भागूनही करता येते आणि अनेक पुस्तकांत ते तसेच केलेले असते. तत्त्वतः त्यात काही चूक नाही. अडचण एवढीच की थांबण्याची वेळ कोणालाच डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे माणसे ती मनाने ठरवतात. कोणी एक दशांश सेकंद धरतो, कोणी एक शतांश, आणि उत्तर दहापटीने इकडचे तिकडे होते. वर १ मिलिमीटरचे जे उदाहरण घेतले त्यात, वेग एकसारखा कमी होत गेला असे मानले तर, ठोकळा ०.३७ मिलिसेकंदात थांबतो. इतकी लहान वेळ अंदाजाने कोणाच्या मनात येणार नाही. अंतर मात्र मागे खूण ठेवते. पोचा पडतो, टवका उडतो, रबर दबल्याचा ठसा उमटतो. म्हणून मी नेहमी अंतराकडून सुरुवात करतो आणि वेळ त्यावरून काढतो.

आता सरासरी आणि कमाल यांतला फरक, कारण बहुतेक गोंधळ येथेच होतो. वस्तू मोडेल का, फरशी तडकेल का, याचा निर्णय सरासरी बलावर होत नसतो, तो कमाल बलावर होतो. थांबताना बल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखे राहिले, जसे चुरगळणाऱ्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या ॲल्युमिनियमच्या गाभ्यात जवळजवळ राहते, तर कमाल आणि सरासरी एकच. बल स्प्रिंगप्रमाणे दबण्याच्या प्रमाणात वाढत गेले तर कमाल बल अंतरावरून काढलेल्या सरासरीच्या दुप्पट असते. टोकदार कोपरा एखाद्या पदार्थात घुसत जातो तेव्हा संपर्काचे क्षेत्रफळ खोलीच्या वर्गाने वाढते, त्यामुळे कमाल बल सरासरीच्या तिप्पट होते. वेळेवरून सरासरी काढली असेल तर हे गुणक बदलतात. स्प्रिंगसारख्या आघातासाठी २ ऐवजी १.५७ घ्यावा लागतो. म्हणून कोणी बलाचा आकडा सांगितला की तो कमाल आहे की सरासरी, आणि सरासरी असेल तर अंतरावरची की वेळेवरची, हे विचारल्याशिवाय त्याची दुसऱ्या आकड्याशी तुलना करू नये.

खाली स्प्रिंगसारखे वागणारे काही आहे, उदाहरणार्थ रबराचा पॅड, लाकडी फळी किंवा दोन टेकूंवरची तुळई, तर यंत्ररचनेच्या अभ्यासक्रमात शिकवले जाणारे एक जुने सूत्र फार उपयोगी पडते. वस्तू अलगद ठेवली असता आधार किती दबतो ते मोजावे, त्याला स्थिर दाब म्हणू. मग

कमाल बल = वजन × (१ + √(१ + २ × उंची ÷ स्थिर दाब))

या सूत्रात उंची शून्य घातली तरी उत्तर वजनाच्या दुप्पट येते, म्हणजे आधाराला नुसती टेकवून एकदम सोडलेली वस्तूसुद्धा क्षणभर आपल्या वजनाच्या दुप्पट बल देते. समजा आपला ठोकळा अलगद ठेवल्यावर रबराचा पॅड अर्धा मिलिमीटर दबतो. वर्गमुळाखाली ६,००१ येतात, कंसाची किंमत ७८.५ होते आणि कमाल बल सुमारे १,५४० न्यूटन येते. पण येथेच न थांबता पॅड कमाल किती दबतो तेही तपासावे: ०.५ × ७८.५, म्हणजे ३९ मिलिमीटर. पॅडची जाडीच २५ मिलिमीटर असेल तर हे उत्तर निरर्थक आहे. पॅड पूर्ण चेपला जाईल, उरलेली ऊर्जा घेऊन ठोकळा जवळजवळ थेट काँक्रीटवर आदळेल आणि खरे बल सूत्राच्या कितीतरी पट असेल. संरक्षक पॅड लावूनही वस्तू फुटली, अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. बहुतेक रबरे आणि फोम जाडीच्या निम्म्यापुढे दबले की झपाट्याने ताठ होतात, त्यामुळे जाडीच्या निम्म्याहून जास्त अंतर हिशोबात धरू नये, असे माझे मत आहे.

कठीण वस्तू कठीण पृष्ठभागावर पडते तेव्हा दबण्याचे अंतर मिलिमीटरच्या अंशांत जाते. अशा वेळी काय घडते ते एका छर्‍यावर बारकाईने पाहण्यासारखे आहे. २० मिलिमीटर व्यासाचा बेअरिंगचा पोलादी छर्रा घ्या. त्याचे वस्तुमान जेमतेम ३३ ग्रॅम. तो १ मीटरवरून जाड पोलादी पाटावर सोडला तर ऊर्जा ०.३२ ज्यूल आणि वेग ४.४३ मीटर प्रतिसेकंद. दोन्ही पृष्ठभाग पूर्णपणे स्थितिस्थापक राहतात असे मानून हाइनरिख हर्ट्झने १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संपर्काच्या सिद्धांतानुसार हिशोब केला, तर छर्रा आणि पाट मिळून एकूण सुमारे ०.०७७ मिलिमीटर दबतात, स्पर्श सुमारे ५० मायक्रोसेकंद टिकतो आणि कमाल बल १०,००० न्यूटनांच्या थोडे वर जाते. ३३ ग्रॅमची वस्तू क्षणभर एक टन वजनाएवढे बल देते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण गणित सरळ आहे: ०.३२ ज्यूल इतक्या थोड्या अंतरात संपवायचे तर बल तेवढे मोठे हवेच.

मात्र हे उत्तर तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. एवढ्या बलाला संपर्काचे वर्तुळ फक्त १.७५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यावरचा सरासरी दाब ४ गिगापास्कलच्या पुढे जातो. पाट साध्या सौम्य पोलादाचा असेल तर त्याची कठिणता साधारण १.५ गिगापास्कल, म्हणजे तो त्याआधीच कायमचा दबू लागतो. मग दुसऱ्या बाजूने हिशोब करावा: दाब १.५ गिगापास्कलवर अडकला असे धरून तेवढी ऊर्जा संपायला पोचा किती मोठा लागेल? उत्तर येते २.६ मिलिमीटर व्यासाचा, ०.०८ मिलिमीटर खोल, आणि बल सुमारे ७,८०० न्यूटन. दोन अगदी वेगळ्या गृहीतकांवरून १०,००० आणि ७,८०० असे आकडे यावेत, यात या विषयातला एक मोठा दिलासा आहे. बल ताठरपणाच्या साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे पदार्थाचा गुणधर्म चौपट चुकला तरी बल दुपटीनेच चुकते.

हाच हिशोब उलटा करून मोजमापही करता येते. पोच्याचा व्यास भिंगाखाली मोजा, क्षेत्रफळ काढा आणि पाटाच्या कठिणतेने गुणा. व्यास २.४ मिलिमीटर भरला तर क्षेत्रफळ ४.५ चौरस मिलिमीटर आणि बल सुमारे ६,८०० न्यूटन. कठिणता मापन यंत्रात ज्ञात बलावरून आणि ठशावरून कठिणता काढतात. येथे कठिणता ज्ञात आहे आणि ठशावरून बल काढायचे आहे. आघात फार वेगवान असल्यामुळे पोलाद जरा जास्त ताठ वागते, म्हणून खरे बल या आकड्यापेक्षा काहीसे अधिक असते. रबराच्या गोळ्यासारखी वस्तू ठसा ठेवत नाही, तेथे जमिनीवर पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवून गोळा सोडावा. उमटलेल्या डागाच्या त्रिज्येचा वर्ग भागिले गोळ्याची त्रिज्या एवढे दबणे ढोबळमानाने धरता येते. ३० मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्याने १० मिलिमीटर त्रिज्येचा डाग पाडला तर साधारण ३.३ मिलिमीटर. डाग गोळ्याच्या मानाने फार मोठा असेल तर हे सूत्र विश्वासार्ह राहत नाही.

उंची दुप्पट केली की बल दुप्पट होते, असा समज सार्वत्रिक आहे. ऊर्जा दुप्पट होते, हे खरे. पण जास्त ऊर्जेची वस्तू जास्त दबते, म्हणजे थांबण्याचे अंतरही वाढते. स्प्रिंगसारख्या आधारावर उंची दुप्पट केली तर बल १.४१ पट होते. गोल वस्तू कठीण पृष्ठभागावर स्थितिस्थापक रीतीने आदळत असेल तर १.५२ पट. आणि ठराविक बलाला चुरगळणाऱ्या पदार्थात बल वाढतच नाही, फक्त चुरगळण्याची लांबी दुप्पट होते. अर्थात हे चुरगळायला जागा शिल्लक असेतोवरच. एका उंचीवर केलेल्या चाचणीचे निकाल दुसऱ्या उंचीला सरळ त्रैराशिकाने लावू नयेत ते याच कारणाने.

वस्तू उसळली तर बल वाढते का, हाही वारंवार येणारा प्रश्न आहे. उसळणाऱ्या वस्तूला जमीन एकूण जास्त आवेग, म्हणजे बल आणि वेळ यांचा गुणाकार, देते, कारण तिचा खाली येणारा संवेग शून्य करून शिवाय वर जाणारा संवेगही द्यावा लागतो. उसळीचा वेग आदळण्याच्या वेगाच्या ३० टक्के असेल तर आवेग १.३ पट होतो. पण कमाल बल हे पूर्ण दबलेल्या अवस्थेत येते आणि त्या क्षणी उसळी अजून सुरूच झालेली नसते. वाढलेला आवेग हा स्पर्श अधिक वेळ टिकल्यामुळे येतो. म्हणून कमाल बलासाठी उसळीचा विचार करण्याची गरज नाही. जमिनीला मिळणाऱ्या एकूण धक्क्यासाठी मात्र आहे.

आतापर्यंत वस्तू सरळ, आपल्या गुरुत्वमध्याच्या रेषेत पडते असे धरले. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. लांब वस्तू आडवी पडताना तिचे एक टोक आधी टेकते, आणि त्या टोकाशी पूर्ण वस्तुमान लढत नसते, कारण टोक थांबले तरी उरलेली वस्तू फिरत राहू शकते. एकसारख्या जाडीच्या दांड्याच्या बाबतीत टोकाशी परिणामकारक वस्तुमान एकूण वस्तुमानाच्या फक्त एक चतुर्थांश येते. ही सवलत पहिल्या टोकाला मिळते आणि तिची किंमत दुसरे टोक मोजते: पहिले टोक न उसळता थांबले तर दुसऱ्या टोकाचा वेग मूळ वेगाच्या दीडपट होतो, आणि पहिले टोक पूर्ण उसळले तर दुप्पट. लांबट उपकरण एका कोपऱ्यावर पडूनही नुकसान समोरच्या कोपऱ्याला झालेले दिसते, त्यामागे पुष्कळदा हा दुसरा फटका असतो. पडण्याच्या चाचण्या वस्तूच्या अनेक बाजूंवर, कडांवर आणि कोपऱ्यांवर वेगवेगळ्या का घेतात, हे यावरून कळेल.

याच्या उलट टोक म्हणजे दोन सपाट, कठीण पृष्ठभाग बरोबर समांतर आदळणे. येथे दबणारा असा वेगळा भागच नसतो, त्यामुळे थांबण्याचे अंतर शून्य आणि बल अनंत, असा निष्कर्ष काही जण काढतात. बल अनंत होत नाही, कारण टोक थांबल्याची बातमी मागच्या भागाला ध्वनीच्या वेगानेच कळते आणि तोवर मागचा भाग पुढे येतच असतो. पदार्थाची घनता, त्यातला ध्वनीचा वेग आणि आदळण्याचा वेग यांचा गुणाकार हा ताणाचा आकडा देतो. पोलादी दांडा ४.४३ मीटर प्रतिसेकंदाने न हलणाऱ्या, न दबणाऱ्या पाटावर उभा आदळला तर हा ताण सुमारे १८० मेगापास्कल येतो. २० मिलिमीटर व्यासाच्या दांड्यासाठी बल सुमारे ५६ किलोन्यूटन. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या बलात दांड्याची लांबी येत नाही. दांडा लांब केला तर बल तेवढेच राहते, ते अधिक वेळ टिकते. २०० मिलिमीटर लांबीसाठी ती वेळ सुमारे ८० मायक्रोसेकंद आहे. प्रत्यक्षात टोके कधीच इतकी समांतर नसतात आणि पाटही थोडा दबतोच, म्हणून खरे बल याहून कमी भरते. पण अंदाज करताना ही वरची मर्यादा हाताशी असावी. आपल्या सूत्रातून निघालेले बल तिच्या पलीकडे गेले तर थांबण्याचे अंतर अवास्तव कमी धरले आहे, असे खुशाल समजावे.

जमिनीच्या बाजूने पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. फरशी तडकेल का, कोब्याचा टवका उडेल का, हा स्थानिक प्रश्न आहे आणि त्याला वर काढलेले कमाल बल लागू पडते. स्लॅब वाकेल का, हा दुसरा प्रश्न, आणि तेथे हेच कमाल बल स्लॅबवर ठेवलेल्या वजनासारखे वापरणे साफ चुकीचे आहे. स्लॅबची एक झुलण्याची फेरी साधारण ५० ते १०० मिलिसेकंदांची असते, आणि आघात एकदोन मिलिसेकंदांत संपतो. स्लॅब वाकायला सुरुवात करण्याआधीच बल नाहीसे झालेले असते. त्याला कळतो तो फक्त आवेग. आपल्या ठोकळ्याचा आवेग, ३० टक्के उसळीसह, सुमारे १४ न्यूटन-सेकंद. झुलण्यात भाग घेणारे स्लॅबचे वस्तुमान २,००० किलो आणि वारंवारिता १२ हर्ट्झ धरली तर त्याला ७ मिलिमीटर प्रतिसेकंद वेग मिळतो आणि तो जेमतेम ०.०९ मिलिमीटर हलतो. कमाल बल एका टनाच्या वर असूनही स्लॅबला त्याचे काहीच वाटत नाही. मात्र त्याच स्लॅबवर एक टन वजन कायमचे ठेवणे ही पूर्ण निराळी गोष्ट आहे.

सुरक्षेच्या साधनांची मानके कशी लिहिली आहेत हे पाहिले तरी यातले मर्म दिसते. आयएसओ २०३४५ या मानकानुसार सुरक्षा बुटाच्या टोपीची चाचणी २०० ज्यूलच्या आघाताने होते. उपकरणांच्या आवरणांची आयके १० ही श्रेणी म्हणजे २० ज्यूल. येथे आघात न्यूटनांत सांगितलेला नाही, कारण न्यूटन किती होतील ते चाचणी होणाऱ्या वस्तूवरच ठरणार. याउलट औद्योगिक हेल्मेटच्या ईएन ३९७ मानकात ५ किलोचा गोळा १ मीटरवरून पाडतात आणि डोक्याच्या प्रतिकृतीपर्यंत पोचणारे बल ५ किलोन्यूटनांच्या आत राहावे अशी अट घालतात, कारण तेथे प्रश्न मानेला आणि कवटीला काय सोसेल हा आहे. ४९ ज्यूल ५ किलोन्यूटनांत संपवायचे तर बल अगदी एकसारखे ठेवूनही सुमारे १० मिलिमीटर अंतर लागते, आणि बल स्प्रिंगसारखे वाढत असेल तर २० मिलिमीटर. हेल्मेटचे कवच आणि आतल्या पट्ट्या यांच्यामध्ये मोकळी जागा का सोडलेली असते याचा हिशोब एवढ्यातच येतो.

प्रत्यक्ष मोजायचे ठरवले तर उपकरणाचा वेग तपासावा. सेकंदाला १,००० नोंदी घेणारे यंत्र एका मिलिसेकंदाला एकच नोंद घेते, ०.४ मिलिसेकंदांचा आघात दोन नोंदींच्या मध्ये निसटून जाऊ शकतो आणि पडद्यावर एखादा निरुपद्रवी उंचवटा दिसतो. फोनमधला त्वरणमापक तर यासाठी वापरूच नये. त्याची मर्यादा सहसा ८ किंवा १६ जी (म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या तेवढी पट) असते आणि कठीण जमिनीवरच्या आघातात शेकडो जी सहज होतात. शिवाय वस्तूवर बसवलेला त्वरणमापक फक्त आपल्या जागेचे त्वरण सांगतो. वस्तू आतून थरथरत असेल तर त्या आकड्याला पूर्ण वस्तुमानाने गुणून काढलेले बल भलतेच फुगलेले असते. आघातासाठी बनवलेला पिझोइलेक्ट्रिक बलमापक जमिनीच्या बाजूला बसवणे केव्हाही चांगले.

आता आपल्या ठोकळ्याकडे. तो कोपऱ्यावर पडून कोब्यात ६ मिलिमीटर खोल खड्डा पडला असे समजू. साध्या काँक्रीटसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. सरासरी बल २९.४ ÷ ०.००६, म्हणजे ४,९०० न्यूटन, आणि कोपऱ्याचा गुणक ३ लावला की कमाल बल सुमारे १५ किलोन्यूटन. खोली ४ मिलिमीटर भरली तर २२ आणि ८ भरली तर ११ किलोन्यूटन. म्हणून कोपऱ्यावरच्या आघातासाठी मी १० ते २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे एक ते सव्वादोन टन, असे लिहीन आणि शेजारी धरलेले अंतरही लिहीन. दोन स्थानांपर्यंतचा एकच नेमका आकडा येथे कोणी दिला तर त्यावर विश्वास ठेवू नये. दुपटीच्या आतला अंदाज या कामात चांगला मानतात. ठोकळा कडेवर किंवा सपाट पडला तर अंतर घटेल आणि आकडा वाढेल. खाली ४० मिलिमीटर जाडीचा, योग्य ताठरपणाचा पॅड टाकला आणि तो २० मिलिमीटर दबला तर कमाल बल ३ किलोन्यूटनांच्या आसपास येईल.

यापेक्षा भक्कम उत्तर हवे असेल आणि महागडे उपकरण नसेल, तर चुरगळणाऱ्या तुकड्याची जुनी पद्धत वापरावी; तोफेच्या नळीतला दाब मोजण्यासाठी तांब्याच्या लहान दंडगोलांचा उपयोग पूर्वी याच तत्त्वावर करत असत. मऊ केलेल्या तांब्याचे एकाच मापाचे दोन तुकडे घ्या. एक जाड पोलादी पाटावर उभा ठेवून त्यावर ठोकळा सरळ पडू द्या आणि तुकडा किती आखूड झाला ते मायक्रोमीटरने मोजा. दुसरा तुकडा बल दाखवणाऱ्या प्रेसमध्ये तेवढाच आखूड होईपर्यंत हळूहळू दाबा. प्रेसवर दिसणारा आकडा हा आघाताच्या कमाल बलाचा अंदाज. वेगाने दाबलेले तांबे हळू दाबलेल्यापेक्षा जरासे जास्त बल घेते, त्यामुळे हा अंदाज किंचित कमी भरतो. शिशाच्या बाबतीत हा फरक जास्त असतो, म्हणून तांबेच बरे. आणि मध्ये ठेवलेल्या तुकड्याने थांबण्याचे अंतर स्वतःच वाढवलेले असते, तेव्हा मोजलेले बल हे तुकडा मध्ये असतानाचे आहे. उघड्या कोब्यावरचे बल काढायचे तर तुकडा किती आखूड झाला आणि कोबा किती दबतो, ही दोन अंतरे समोर ठेवून वरच्या सूत्राने पुन्हा हिशोब करावा लागेल.